'मोक्का'तील हेतूची कसोटी आणि निकालापूर्वीचा तुरुंगवास

एखादे कृत्य घडले एवढ्यावरून ते करणारा गुन्हेगार ठरत नाही. ते करताना त्याच्या मनात काय होते, हेही सिद्ध व्हावे लागते. फौजदारी न्यायशास्त्राचे हे मूलभूत तत्त्व आहे. कृत्य आणि त्यामागील दुष्ट हेतू या दोन्ही गोष्टी सरकार पक्षाने निःसंशय शाबीत केल्या, तरच शिक्षा होऊ शकते. संघटित गुन्हेगारीच्या खटल्यांत मात्र ही कसोटी कठीण होऊन बसते. टोळीचा म्होरक्या घटनास्थळी नसतो, पैसा अनेक हातांतून फिरतो, साक्षीदार भयापोटी बोलत नाहीत आणि टोळीच्या वर्तुळात वावरणाऱ्या प्रत्येकाला सारे ठाऊक असतेच असे नाही. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच 'मोक्का', या अडचणीवर तोडगा म्हणून आला. तथापि, या कायद्याने हेतूचा प्रश्न सोडविण्याऐवजी तो खटल्याच्या आधीच, म्हणजे जामिनाच्या टप्प्यावर आणून ठेवला. आरोपीने गुन्हा केला की नाही हे ठरण्यापूर्वीच त्याला आपण दोषी नसल्याचे न्यायालयाला पटवून द्यावे लागते आणि तोवर त्याचा मुक्काम तुरुंगात असतो.

कायद्याचा उगम

दहशतवादी व विघातक कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे 'टाडा', १९९५ मध्ये संपुष्टात आला. त्याच सुमारास मुंबईत टोळीयुद्धे, खंडणीसाठी येणारे दूरध्वनी आणि सुपारी घेऊन केल्या जाणाऱ्या हत्या यांनी कळस गाठला होता. भारतीय दंडविधानातील कलमे स्वतंत्र गुन्ह्यांसाठी पुरेशी होती. परंतु वर्षानुवर्षे चालणाऱ्या टोळीच्या व्यवहाराला एकत्रितपणे गुन्हा मानण्याची सोय त्यात नव्हती. २४ फेब्रुवारी १९९९ पासून अध्यादेशाद्वारे आणि नंतर त्याच वर्षीच्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३० द्वारे ही सोय करण्यात आली. पुढे २००२ मध्ये हा कायदा दिल्लीलाही लागू झाला आणि कर्नाटक व गुजरात या राज्यांनी याच धर्तीवर आपापले कायदे केले.

संघटित गुन्ह्याचे घटक

कायद्याच्या दुसऱ्या कलमातील तीन व्याख्या परस्परांत गुंतलेल्या आहेत. 'संघटित गुन्हेगारी टोळी' म्हणजे दोन किंवा अधिक व्यक्तींचा असा गट, जो संघटित गुन्ह्याची कृत्ये करतो. 'चालू ठेवलेले बेकायदेशीर कृत्य' म्हणजे तीन वर्षे किंवा अधिक कारावासाची शिक्षा असलेला दखलपात्र गुन्हा, जो टोळीचा सदस्य म्हणून किंवा टोळीच्या वतीने केला गेला आहे आणि ज्याबाबत मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे सक्षम न्यायालयात दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतली आहे. हे कृत्य हिंसाचार, धाकदपटशा, जबरदस्ती किंवा अन्य बेकायदेशीर मार्गाने, आर्थिक फायदा अथवा गैरवाजवी आर्थिक वा अन्य लाभ मिळविण्याच्या उद्देशाने किंवा बंडखोरीला चालना देण्यासाठी केले, की तो 'संघटित गुन्हा' ठरतो.

व्याख्येतील 'उद्देशाने' हा शब्द महत्त्वाचा आहे. 'अन्य लाभ' याचा अर्थ केवळ पैशाशी संबंधित लाभ असा घ्यावा की वर्चस्व, दहशत यांसारखा लाभही त्यात मोडतो, यावर मतभेद होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०११ मध्ये जगन नेपाळी प्रकरणात व्यापक अर्थ स्वीकारला. त्यामुळे परिसरात दरारा निर्माण करण्यासाठी केलेली हिंसाही या व्याख्येच्या कक्षेत आली. दुसरीकडे, निव्वळ जुन्या दोषारोपपत्रांची बेरीज म्हणजे मोक्का नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने शिवाजी सोनवणे प्रकरणात स्पष्ट केले आहे. कायदा अमलात आल्यानंतर नवा गुन्हा घडलेला असला पाहिजे. जुनी प्रकरणे त्या गुन्ह्याचे सातत्य दाखवतात, ती स्वतः नवा गुन्हा होऊ शकत नाहीत.

हेतू कोणाचा, कशावरून?

प्रश्नाचे खरे स्वरूप एका कल्पित उदाहरणावरून ध्यानात येते. समजा, बुलडाणा जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर मालमोटारी लुटणारी एक टोळी पकडली गेली. तिच्यातील दोघांवर गेल्या दहा वर्षांत दरोड्याची दोन दोषारोपपत्रे आहेत. पोलिसांनी या दोघांबरोबर आणखी पाच जणांना अटक केली : टोळीची जीप चालविणारा, जीप दुरुस्त करून देणारा गॅरेजवाला, लुटीचा माल स्वस्तात घेणारा व्यापारी, ज्याच्या बँक खात्यात पैसे जमा झाले तो नातेवाईक आणि ज्याच्याशी टोळीतील एकाचे वारंवार दूरध्वनीवर बोलणे होत असे तो पोलिस कर्मचारी. सातही जणांवर एकच कायदा लागतो. परंतु प्रत्येकाच्या मनातील हेतू निराळा असू शकतो.

पहिल्या दोघांबाबत उद्देश कृत्यावरूनच स्पष्ट होतो. जीपचालक लुटीच्या वेळी हजर होता काय, त्याला नेहमीच्या भाड्याहून अधिक रक्कम मिळाली काय, यावर त्याचे सदस्यत्व ठरेल. गॅरेजवाल्याने केवळ मजुरी घेतली असेल तर तो निर्दोष ठरेल. पण त्याने वाहनाचा क्रमांक बदलून दिला असेल तर ज्ञान गृहीत धरता येते. व्यापाऱ्याने बाजारभावाच्या निम्म्या किमतीत, पावतीविना माल घेतला असेल, तर माल कोठून आला याची त्याला कल्पना नव्हती हे म्हणणे टिकणे अवघड. नातेवाइकाच्या बाबतीत चौथे कलम लागू होते. टोळीच्या सदस्याच्या वतीने हिशेब न देता येणारी मालमत्ता बाळगणाऱ्यास तीन ते दहा वर्षे कारावासाची तरतूद त्यात आहे. पोलिस कर्मचाऱ्याचे संभाषण खबर काढण्यासाठी होते की टोळीला सावध करण्यासाठी, हे तर केवळ संभाषणाच्या संख्येवरून कधीच ठरू शकत नाही. शासकीय सेवकाने टोळीला साह्य केले किंवा कायदेशीर कारवाई करण्याचे टाळले, तर २४ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र कर्तव्यातील ढिलाई आणि संगनमत या दोहोंत अंतर आहे.

हे अंतर दाखविणारा शब्द कायद्यातच आहे. अपप्रेरणेच्या व्याख्येत टोळीला साह्य करणाऱ्याशी संपर्क वा संबंध ठेवणे समाविष्ट आहे. परंतु तो संबंध 'प्रत्यक्ष माहिती असताना किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना' ठेवलेला असला पाहिजे. हे शब्द सहज आलेले नाहीत. 'टाडा'तील तत्सम व्याख्येत ज्ञानाचा उल्लेखच नव्हता. करतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ही उणीव दाखवून, त्या व्याख्येत ज्ञानाची अट वाचली जावी असे म्हटले. निष्पाप माणूसही केवळ ओळखीपायी अडकेल, ही त्यामागील चिंता होती. १९९९ च्या कायद्याने ती अट थेट मजकुरातच घेतली. त्याच वर्षी, म्हणजे १९९४ मध्ये, हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात न्यायालयाने दहशत निर्माण करण्याचा हेतू सिद्ध झाल्याविना सामान्य गुन्हेगारांना 'टाडा' लावता येणार नाही, असे बजावले होते.

पुराव्याची साधने

हेतू डोळ्यांना दिसत नाही. तो परिस्थितीवरून ताडावा लागतो. यासाठी मोक्काने तपास यंत्रणेला तीन खास साधने दिली आहेत. पहिले, दूरध्वनी व अन्य संभाषण टिपण्याचा अधिकार. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही कलमे रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने भरत शांतीलाल शहा प्रकरणात १ सप्टेंबर २००८ रोजी ती पुन्हा वैध ठरविली. दुसरे, पोलिस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची १८ व्या कलमातील तरतूद. सर्वसाधारण कायद्यात पोलिसांपुढील कबुलीला काडीचीही किंमत नसते. येथे मात्र ती आरोपीविरुद्धच नव्हे, तर एकत्र खटला चालत असलेल्या सहआरोपीविरुद्धही वापरता येते. अर्थात कबुली देण्याचे बंधन नाही हे आरोपीला आधी सांगणे, कबुली स्वेच्छेची असणे आणि ती विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठविणे बंधनकारक आहे.

तिसरे साधन म्हणजे २२ व्या कलमातील गृहीतके. गुन्ह्यात वापरलेली शस्त्रे आरोपीच्या ताब्यात सापडली, घटनास्थळी त्याच्या बोटांचे ठसे मिळाले किंवा त्याने संघटित गुन्ह्यातील आरोपीला आर्थिक मदत केल्याचे दिसले, तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय गुन्हा गृहीत धरते. म्हणजे मूळ तत्त्व उलटे फिरते आणि पुराव्याचा काही भार बचाव पक्षावर येतो. हे गृहीतकही मुळातील तथ्य सिद्ध झाल्यावरच लागू होते, हे मात्र विसरून चालणार नाही.

कोठडीचे गणित

फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार पोलिस कोठडीची मर्यादा पंधरा दिवसांची होती. मोक्काने ती तीस दिवसांवर नेली. दोषारोपपत्र दाखल करण्याची मुदत नव्वद दिवसांची असून, सरकारी वकिलाच्या अहवालावरून विशेष न्यायालय ती १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते. या अहवालात तपासाची प्रगती आणि आरोपीला अधिक काळ डांबून ठेवण्याची विशिष्ट कारणे असावी लागतात. तो केवळ पोलिसांच्या अर्जाची नक्कल असता कामा नये, हे हितेंद्र ठाकूर निकालापासून ठरलेले आहे. मुदतवाढीच्या वेळी आरोपीला न्यायालयापुढे हजर करून त्याची माहिती दिली नाही, तर ती मुदतवाढ बेकायदेशीर ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील अशाच कायद्याच्या संदर्भात २०२२ मध्ये सांगितले.

अटकपूर्व जामिनाचा मार्ग या कायद्याने बंद केला आहे. नियमित जामिनासाठी २१ व्या कलमाच्या चौथ्या उपकलमात दोन अटी आहेत : आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारणे असल्याची आणि जामिनावर असताना तो गुन्हा करण्याची शक्यता नसल्याची न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. या अटी शब्दशः घेतल्या, तर जामिनाचा अर्ज म्हणजे खटल्याआधीचा खटलाच ठरतो. त्या वेळी आरोपीच्या हाती साक्षीदारांची उलटतपासणी नसते, बचावाचा पुरावा नसतो. असतात ती फक्त पोलिसांनी तयार केलेली कागदपत्रे.

शर्मा निकालाचे महत्त्व

या पेचावरील सर्वांत महत्त्वाचा निकाल तेलगी मुद्रांक गैरव्यवहारातून पुढे आला. जून २००२ मध्ये पुण्यातील बंडगार्डन पोलिस ठाण्यात नोंदलेल्या या प्रकरणाला पुढे मोक्का लावण्यात आला. पुण्याचे तत्कालीन आणि नंतर मुंबईचे पोलिस आयुक्त झालेले रणजितसिंग शर्मा यांना निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी, १ डिसेंबर २००३ रोजी अटक झाली. तपासात टोळीला साह्य होईल असे वर्तन त्यांनी केले, असा आरोप होता. विशेष न्यायालय व उच्च न्यायालय यांनी जामीन नाकारला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ७ एप्रिल २००५ रोजी तो मंजूर केला. तोपर्यंत सोळा महिने लोटले होते. पुढे न्यायालयाने त्यांना या प्रकरणातून आरोपमुक्त केले. प्रमुख आरोपी अब्दुल करीम तेलगी याला मात्र २००७ मध्ये याच प्रकरणात तेरा वर्षांची सक्तमजुरी झाली.

न्यायालयाने या निकालात तीन गोष्टी स्पष्ट केल्या. मोक्काखालील गुन्ह्यासाठी दुष्ट हेतू हा आवश्यक घटक आहे आणि अपप्रेरणेची व्याख्या त्या दृष्टीनेच वाचली पाहिजे; संघटित गुन्ह्याला साह्य करण्याशी ज्याचा संबंध नाही, असा नुसता संपर्क गुन्हा होत नाही. जामीन देताना आरोपीने गुन्हा केलेलाच नाही असा ठाम निष्कर्ष काढण्याची गरज नाही. उपलब्ध सामग्रीवरून व्यापक शक्यतांचा अंदाज पुरेसा आहे. तिसरे, जामिनावर असताना 'गुन्हा' करण्याची शक्यता याचा अर्थ कोणताही किरकोळ गुन्हा नव्हे, तर याच कायद्याखालील गुन्हा. पुढे डिसेंबर २००६ मध्ये आंध्र प्रदेशातील माजी मंत्री कृष्ण यादव यांनाही याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला.

याचा अर्थ जामिनाचा दरवाजा सताड उघडला असा नव्हे. उच्च न्यायालयाने दोन्ही अटींबाबत समाधान न नोंदविता दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने विश्वनाथ शेट्टी प्रकरणात २०१२ मध्ये रद्द केला. झाकीर मिरजकर प्रकरणात, कोल्हापुरातील जुगाराच्या व्यवहाराबाबत, २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटले, की प्रत्येक आरोपीवर वैयक्तिकरीत्या दोन दोषारोपपत्रे असण्याची आवश्यकता नाही. ती टोळीविरुद्ध असली तरी पुरेशी आहेत. त्यामुळे पूर्वी एकही गुन्हा नसलेली व्यक्तीही मोक्काच्या कक्षेत येऊ शकते. अशा व्यक्तीच्या बाबतीत तर ज्ञान आणि हेतू हाच एकमेव दुवा उरतो.

विलंबाची किंमत

विशेष न्यायालयातील खटल्याला आरोपीवरील अन्य खटल्यांपेक्षा अग्रक्रम द्यावा, असे कायद्याचे दहावे कलम सांगते. प्रत्यक्षात काय घडते, हे मालेगावच्या दोन प्रकरणांवरून दिसते. ८ सप्टेंबर २००६ च्या बॉम्बस्फोटानंतर नऊ मुस्लिम तरुणांवर मोक्का लावण्यात आला. कबुलीजबाबही नोंदले गेले आणि नंतर ते नाकारले गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांची जामिनावर सुटका २०११ मध्ये झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटप्रकरणी लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यासह अन्य आरोपींना मोक्का लावताना जालना व परभणी येथील आधीच्या स्फोटांची दोषारोपपत्रे आधाराला घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१५ रोजी हा आधार बहुतेक आरोपींबाबत संशयास्पद असल्याचे मत जामिनापुरते नोंदविले. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने मोक्का वगळला आणि ३१ जुलै २०२५ रोजी सर्व आरोपी निर्दोष सुटले. पुरोहित यांना जामीन मिळेपर्यंत जवळपास नऊ वर्षे गेली होती.

११ जुलै २००६ च्या मुंबई रेल्वे स्फोटखटल्यात २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, तर एक आरोपी नऊ वर्षांच्या तुरुंगवासानंतर निर्दोष सुटला. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी उर्वरित बाराही जणांची शिक्षा रद्द केली. कबुलीजबाब विश्वासार्ह नसल्याचे त्यामागील एक प्रमुख कारण होते. त्यापैकी एकाचा निकालापूर्वीच मृत्यू झालेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी, हा निकाल अन्य मोक्का प्रकरणांत दाखला मानला जाऊ नये, असे अंतरिम आदेशात म्हटले. या स्फोटांत प्राण गमावलेल्यांच्या कुटुंबीयांच्या दृष्टीने पाहिले, तर दोषी कोण, या प्रश्नाचे उत्तर इतक्या वर्षांनंतरही हाती लागलेले नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते, तेव्हा सुकेही पूर्णपणे जळत नाही, असाच हा अनुभव आहे.

शिक्षा झाल्यास तुरुंगात काढलेला काळ शिक्षेतून वजा होतो; निर्दोष सुटल्यास मात्र त्या वर्षांची भरपाई देणारी सर्वसाधारण तरतूद आपल्याकडे नाही. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी असल्याचे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी सांगते. दीर्घकाळ खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांना सोडण्याची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमातील सवलत जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना लागू नाही आणि मोक्काखालील बहुतेक गुन्ह्यांची कमाल शिक्षा जन्मठेप आहे. आशेचा एक मार्ग उरतो, तो संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाचा. के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले, की खटला वाजवी मुदतीत संपण्याची शक्यता नसेल, तर विशेष कायद्यातील कठोर अटी असूनही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात. तो खटला दुसऱ्या विशेष कायद्याखालील होता. परंतु हे तत्त्व मोक्काच्या आरोपींनाही मांडता येते.

जिल्हा पातळीवरील चाळण्या

मोक्काचा मनमानी वापर होऊ नये म्हणून २३ व्या कलमात दोन चाळण्या आहेत. पोलिस उपमहानिरीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीविना गुन्ह्याची नोंद होऊ शकत नाही आणि अपर पोलिस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीविना न्यायालय दखल घेऊ शकत नाही. बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात याचा क्रम सरळ आहे. पोलिस ठाण्याचा प्रस्ताव अधीक्षकांमार्फत अमरावती परिक्षेत्राच्या विशेष पोलिस महानिरीक्षकांकडे जातो. परवानगी मिळाल्यावर तपास पोलिस उपअधीक्षक किंवा वरिष्ठ दर्जाचा अधिकारी करतो. नंतर मंजुरीचा प्रस्ताव वरिष्ठ पातळीवर पाठविला जातो. विशेष न्यायालयाने जामीन नाकारल्यास दाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात मागावी लागते. बुलडाण्याहून नागपूरचे अंतर आणि वकिलाचा खर्च पाहता गरीब आरोपीला ही वाट लांबची ठरते.

या चाळण्यांचा उपयोग परवानगी देणारा अधिकारी प्रत्येक आरोपीच्या हेतूविषयीची सामग्री स्वतंत्रपणे पाहतो की नाही, यावर अवलंबून आहे. ललित नागपाल प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की कायद्याच्या तरतुदी कठोर असल्यामुळे त्यांचा अर्थही काटेकोरपणेच लावला पाहिजे. महामार्गावरील त्या उदाहरणातील सात नावे एकाच प्रस्तावात, एकाच परिच्छेदात येत असतील, तर गॅरेजवाला आणि म्होरक्या यांच्यातील फरक दिसण्यासाठी जामिनाच्या सुनावणीची, किंबहुना निकालाची वाट पाहावी लागते.

नव्या संहितेनंतर

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १११ व्या कलमाने संघटित गुन्हा हा देशभरासाठी सर्वसाधारण गुन्हा बनविला आहे. त्याची व्याख्या बहुतांशी मोक्कावरूनच घेतलेली असून, दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे ही अट तेथेही आहे. फरक असा, की या कलमासोबत जामिनाच्या दोन कठोर अटी येत नाहीत, पोलिसांपुढील कबुली ग्राह्य ठरत नाही आणि उपमहानिरीक्षकाच्या पूर्वपरवानगीची चाळणीही नाही. त्यामुळे महाराष्ट्रात एकाच कृत्यासाठी दोन कायदे उपलब्ध झाले आहेत. त्यांपैकी कोणता लावायचा, या तपास अधिकाऱ्याच्या निर्णयावर आरोपीला जामीन काही महिन्यांत मिळेल की काही वर्षांत, हे ठरते. अशा स्थितीत मोक्काच्या पूर्वपरवानगीच्या कागदावर प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीला काय ठाऊक होते आणि ते कशावरून दिसते, याची नोंद होणे ही आरोपीइतकीच सरकार पक्षाचीही गरज आहे. कारण हेतूचा दुवा कच्चा राहिला, तर वर्षानुवर्षांच्या कोठडीनंतरही खटला त्याच दुव्यापाशी तुटतो.